पाहुण्याइसाठी काढलेलं हेल्मेट

बसा, एक गोष्ट सांगतो. अकोल्यात डोयाच्या दवाखान्यात बसलो होतो. बाजूले बाळापूरचे वामनराव आन् त्याइची बायको गोदाबाई. पोरगा नितेश आतमंदी, एक डोया गेलेला.

गोदाबाई नवऱ्यापाशी करवादत होती, “हातात कापडाचा पंख धरून फळीवर उभं राहाचं, वाऱ्यानं फळी पाण्यावर उचलते म्हने. गोव्यात जाऊन हेच शिकाचं होतं?”

“शिकन्यात खोट नोहोती. मास्तरनं हेल्मेट देलं होतं.”

“फळीखाली सुरीवानी पातं, आन् यानं हेल्मेट काढलं. पडला त्याच पात्यावर. अक्कल कुठं गेली होती त्याची?”

“म्या काढाले लावलं.”

“तुमी?”

“पोरीकडचे पाहुने फोनवर पाहून राहिले होते. म्हटलं, डोक्यावरचं टोपलं काढ, केस दिसू दे.”

“केस?”

“त्याइले वाटे, पोरगं टकलं हाये.”

“आता काय वाटते त्याइले?”

“फोन उचलत नाई.”

“मंग जा, पोराले सांगा, चूक माही हाये.”

“त्याले मालूम हाये. म्हनूनच मले आत येऊ देत नाई.”

गोदाबाई उठली, एकटीच आत गेली. वामनराव माह्याकडं वळले.

“भाऊ, तुमी जरा इचारून या ना. उरलेल्या डोयानं बापाले पाहीन म्हनते का?”