‘घाबरू नकोस’ म्हणायचं नाही

आदरणीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, आमच्या मुख्याध्यापिका, आजच्या सत्कारमूर्ती म्हणजे आपल्या सर्वांच्या बाई, माझे सहकारी, पालकवर्ग, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून मागे भिंतीला टेकून उभे असलेले माजी विद्यार्थी, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

बाई आज निवृत्त होत आहेत. एकतीस वर्षं त्यांनी पहिली-दुसरीच्या मुलांना भाषा शिकवली. त्यांच्या गुणांची यादी आधीच्या वक्त्यांनी वाचून दाखवलीच आहे, तेव्हा मी ती पुन्हा वाचत नाही. मला एकच गोष्ट सांगायची आहे, आणि तीत माझी फजिती आहे. आपल्याला ऐकायला आवडेल.

त्याआधी एक गुपित फोडतो. आज सकाळी बाईंनी मला शिक्षकखोलीत गाठलं आणि म्हणाल्या, “सर, हार घालून घेईन, नारळ घेईन, पण मला माइकसमोर उभं करू नका. माझी जीभ टाळ्याला चिकटते.” हजारो मुलांना बोलतं करणाऱ्या बाई! एकतीस वर्षांत एकाही समारंभात त्या दोन शब्द बोललेल्या नाहीत, हे आपल्यापैकी कितीजणांच्या लक्षात आलं होतं? माझ्या नव्हतं आलं.

असो. गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची. मी नवा होतो आणि नियमांचा पक्का होतो. तोंडी परीक्षेला टेबलावर घड्याळ मांडून बसायचो, म्हणून मुलं मला ‘घड्याळ सर’ म्हणायची. अजूनही म्हणतात, मागून हसू येतंय ते त्याचंच.

दुसरीची भाषेची तोंडी परीक्षा. जिन्याखालची नकाशांची खोली. एक चित्र दाखवायचं, त्यावर मुलाने पाच वाक्यं बोलायची, वेळ दोन मिनिटं. चित्रात घर, दोरीवर कपडे वाळत घालणारी बाई, खिडकीत मांजर. एक मुलगी आत आली. तिच्या वेणीची रिबीन सुटलेली होती. मी प्रेमाने म्हणालो, “बस बाळ. अजिबात घाबरू नकोस हं.” आणि घड्याळाकडे पाहिलं.

दोन मिनिटं ती एक अक्षर बोलली नाही. माझ्याकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं, मध्येच वाकून चक्क टेबलाखाली पाहिलं. मी शाईने शून्य घातलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘लक्ष नाही’. पुढचा नंबर.

आता, त्या शून्याची किंमत काय होती? भाषेत ती आधीच काठावर होती. तोंडीत शून्य म्हणजे पुन्हा दुसरीत. आणि तिची धाकटी बहीण त्याच वर्षी पहिलीतून दुसरीत येत होती. वडील शाळेत आले. भांडले नाहीत, एवढंच म्हणाले, “सर, घरात धाकटी तिला ताई म्हणते. उद्या एका बाकावर बसल्या की काय म्हणेल?” मी त्यांना नियम दाखवला.

बाईंनी मात्र मला हाताला धरून पुन्हा त्या खोलीत नेलं. “तुम्ही कोपऱ्यात बसा. घड्याळ खिशात घाला.” मुलीला त्यांनी समोर नाही, शेजारी बसवलं. मूठभर पेन्सिली दिल्या, टोक करायला. मग चित्र उचलून आपल्याशीच म्हणाल्या, “हे मांजर झोपलंय वाटतं.”

मुलगी टोक करता करता म्हणाली, “झोपलं कुठंय? डोळे उघडे आहेत त्याचे.”

“असं होय? मग ही बाई कपडे काढून नेतेय का?”

“नाही हो बाई! घालतेय. ओले आहेत. पाणी गळतंय बघा.”

बाई चुकत गेल्या आणि मुलगी दुरुस्त करत गेली. मोजून नऊ वाक्यं बोलली. बाई आत्ता मान हलवताहेत. हलवू द्या, पुढे बघू.

मी तरीही अडून बसलो. म्हणालो, ही परीक्षा नाही, या गप्पा झाल्या. बाई शांतपणे म्हणाल्या, “सर, परीक्षा भाषेची आहे ना? की धीराची? धीराची असेल तर रकाना वेगळा काढा.” मग त्यांनी मुलीला विचारलं, “त्या दिवशी का गं बोलली नाहीस?”

ती म्हणाली, “सर म्हणाले, घाबरू नकोस. मग मी बघत होते, काय आहे ते. टेबलाखाली पण बघितलं. तिथंही काही नव्हतं.”

मंडळी, मी त्या पोरीला दोन मिनिटं भूत शोधायला लावलं होतं, आणि वर शेरा मारला होता, लक्ष नाही! मला फार लाज वाटली. आजही वाटते.

मी शून्य खोडलं. शाईचं खोडायचं तर कारण लिहावं लागतं. मी लिहिलं, ‘परीक्षकाची चूक’. त्यावरून तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी मला अर्धा तास उभं केलं, पण मुलगी तिसरीत गेली आणि घरात ताईच राहिली. तेव्हापासून आमच्याकडे तोंडी परीक्षेला ‘घाबरू नकोस’ म्हणायची बंदी आहे. कुठे लिहिलेली नाही. शेजारी बसायचं, हाताला काम द्यायचं आणि आपण आधी चुकायचं.

वेळ संपत आली, अध्यक्ष महोदया घड्याळाकडे पाहताहेत, माझ्यावरच उलटलं म्हणायचं. आपण शांतपणे ऐकलंत, आयोजकांनी मला संधी दिली, सर्वांचा मी ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात काही उणंअधिक झालं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला.

फक्त बाई, तुम्ही घालू नका. वाक्यं नऊ नव्हती. मी मुद्दाम चुकलो. खरा आकडा या सभागृहात तुम्हाला आणि मला, दोघांनाच माहीत आहे, आणि मी काही सांगणार नाही. माइक मी तुमच्या खुर्चीपाशी आणतो, उठायचीही गरज नाही. तुमच्या हारातली दोन फुलं सुटली आहेत, ती ओवत ओवत सांगा.

किती होती हो, बाई?