एक कान बाकी

...आणि वर मलाच विचारतात, "दुसरा कान कुठाय?" अहो, काढणारच होतो ना, पुढच्या बैठकीला. तुम्हाला सांगतो, जन्मभर मी पोरांना तर्कशास्त्र शिकवलं, निवृत्त झाल्यावर माणसांचे चेहरे काढायला लागलो, बरे येतात म्हणे, म्हणे हं, मला खात्री नाही, मला कशाचीच नसते, तर मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, चित्रं नुसती भिंतीला टेकवून काय ठेवता? ऑर्डरी घ्या, आमच्या निधीला चार पैसे होतील."

ती लांबच्या शहरात वकील आहे. मूल हवं की नको, कधी हवं, हे ज्या बाईला वाढवायचंय तिनं ठरवायचं, यासाठी भांडते. निधी कशाला, तर ज्या बायकांकडे दवाखान्यापर्यंतचं गाडीभाडंसुद्धा नसतं त्यांच्यासाठी. मला पटतं. तिनं स्वतः मूल नको म्हटलं, तेही पटलं. स्वतःचं स्वतः ठरवायला मीच शिकवलं होतं. घर जरा शांत असतं, एवढंच... आता यात माझं चुकलं का? चुकलंच असेल.

तर खालच्या दुकानाच्या काचेवर पाटी लावली, 'समोर बसवून चित्र काढून मिळेल. पैसे प्रजनन हक्कांच्या निधीला.' झालं! वरच्या मजल्यावरचे कारकून चष्मा कपाळावर चढवून म्हणतात, "प्रोफेसर, या वयात तुम्हाला कसले हो प्रजननाचे हक्क?" अख्खा जिना हसला. मी तिथंच समजावायला लागलो, आधी हक्काची व्याख्या, मग तिला अपवाद, मग अपवादांना अपवाद... मान वर केली तर जिन्यात मी आणि दिवा.

पण गिऱ्हाइकं आली हो. शिंपीणबाई आल्या, म्हणाल्या, "माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी कुणी धावून आलं नाही. काढा चित्र. नाक तेवढं लहान काढा." मग दातांचे डॉक्टर, जन्मभर दुसऱ्यांना 'आ' करायला लावणारा माणूस, खुर्चीत बसल्यावर त्यांचंच तोंड मिटेना. मग मुख्याध्यापिकाबाई, त्यांनी आधी मलाच नीट बसायला सांगितलं. एकीचं नणंदपुराण, दुसऱ्यांचं सासरेपुराण, मी आपला रेघ ओढतोय, 'हं' म्हणतोय, चहा टाकतोय... किती वर्षांनी मोरीत दोन कप विसळायला पडले, विचारा.

आणि चित्र संपलं की माणूस उठणार, हे तर साधं तर्कशास्त्र. म्हणून म्हणायचो, "एवढा कान राहिलाय, पुढच्या आठवड्यात याल?" यायची मंडळी. कान अवघडच असतो हो, भारी वळणं त्याला... आता यात माझं चुकलं का? चुकलंच असेल.

मग दुकानात गाठ पडली त्यांची. "तुमचं झालं चित्र?" "कान राहिलाय." "अगं बाई, माझाही." डॉक्टर म्हणतात, "डावा की उजवा?" बातमी जिना चढून कारकुनांकडे, तिथून फोनवर मुलीकडे.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं. हळूच म्हणाली, "बाबा, चित्र हातात दिल्याशिवाय पैसे येत नाहीत, हे माहितीय ना? माझ्यासमोर एक मुलगी बसलीय. या आठवड्यात दवाखान्यात पोचली नाही, तर कायद्याची मुदत संपेल, पुढं डॉक्टर हात लावणार नाहीत. आणि तुम्ही कान अडवून बसलात?"

बसलो, सगळ्यांचे कान एका दुपारी काढले. इतके सोपे असतात कान, सांगू नका कुणाला. मंडळी आली, पैसे दिले, वाहवा केली, चित्रं काखेत मारून गेली. ती मुलगी वेळेत पोचली. चांगलं झालं. अगदी मनापासून सांगतो, चांगलं झालं. फक्त खुर्ची रिकामी.

आणि मग मुलीचा फोन, "बाबा, आता माझंही काढा. रीतसर ऑर्डर, पैसे आधी भरते." अहो, मी खुर्ची पुसली, गादी उन्हात टाकली, तिच्या खोलीतली माझी पुस्तकं हलवली, पेन्सिलींना टोकं केली... आणि टुंग. फोटो आला. ओळखपत्रावरचा. खाली, "रजा नाही, यावरून काढा." आता यात माझं... जाऊ द्या.

मोठा छापून आणलाय, ठेवलाय समोर खुर्चीत टेकवून. लहानपणी ही पोरगी मिनिटभर एका जागी बसायची नाही. आता बघा, सकाळपासून हललेली नाही.