समोर कोण नको?

लोरेन : नाही बाबा. तुम्ही दहा वेळा विचारा, मी दहा वेळा नाहीच म्हणणार.

क्लिफर्ड : अगं, पण मी क्लबात सगळ्यांना सांगून बसलोय. ‘आमच्या घराचा व्यवहार आमची लोरेन करणार.’ आता तिथे कुठल्या तोंडाने जाऊ?

लोरेन : आहे त्याच तोंडाने जा. मला न विचारता सांगितलंत कशाला?

क्लिफर्ड : विचारायचं काय त्यात? ऑफिसात टायपिंग करत होतीस, पोरं झोपली की अभ्यासाला बसायचीस. चाळिशी आली तेव्हा सॉलिसिटर, म्हणजे पक्की वकील झालीस. गेल्या महिन्यात ऑफिसच्या काचेवर तुझं नाव लागलं. ते काय फक्त लोकांची घरं विकायला?

लोरेन : हो. लोकांचीच.

क्लिफर्ड : म्हणजे बापाचं हलकं वाटतं. बरोबर आहे. बस डेपोतला मेकॅनिक, चढावरचं खाली-वर दोन खोल्यांचं घर. त्यात वकिलीणबाईंना काय शोभा?

लोरेन : बाबा, असलं काही बोलायचं नाही हं. सांगितलं ते ऐका तरी. तुमचं घर घेणारी ती दोघं काल आमच्याच ऑफिसात आली. त्यांचं काम आमच्याकडे आहे.

क्लिफर्ड : मग सोन्याहून पिवळं! तेही तुझे, आम्हीही तुझे. एका बैठकीत उरकून टाक.

लोरेन : एकाच ऑफिसने दोन्हीकडून बोलायचं नसतं. उद्या काही वाद निघाला तर मी कुणाच्या बाजूची?

क्लिफर्ड : बापाच्या.

लोरेन : बघा. म्हणूनच नाही. त्यांची फाइलसुद्धा मी हातात घेतलेली नाही. ती थोरल्या साहेबांकडे गेली.

क्लिफर्ड : बरं, राहिलं. निदान एखादं चांगलं नाव तरी सांग. तुला सगळे माहीत असतील.

लोरेन : तेही नाही.

क्लिफर्ड : आता त्यात काय बिघडलं?

लोरेन : घेणारे आमचे. विकणाऱ्याचा वकील मी शोधून दिला, तर उद्या कुणीही म्हणेल, लोरेनने समोर सोयीचा माणूस आणून बसवला. तुमचं नुकसान करून आपल्या गिऱ्हाइकाचं भलं केलं, किंवा उलटं. दोन्हीकडून मीच वाईट.

क्लिफर्ड : तू वकील झालीस की पाद्री? याला हात लावायचा नाही, ते बोलायचं नाही. घर विकून देणारा तो एजंट बरा मग. त्याने स्वतःहून नाव दिलं. ब्रॅडफर्डचं वकिलांचं मोठं ऑफिस आहे म्हणे.

लोरेन : जाऊन बघा की. फक्त एजंटला विचारा, हे नाव सुचवायचे तुला किती मिळतात. आणि त्या ऑफिसात विचारा, मी फोन केला तर उचलणार कोण. एवढं कुठलीही मुलगी बापाला सांगेल.

क्लिफर्ड : तुझ्या आईचे गुडघे बघतेस ना? सिल्सडेनची ती बाई तिचं बैठं घर आपल्यासाठी ईस्टरपर्यंत राखून ठेवणार आहे. त्याच्या पुढे एक दिवस नाही. चुकीचा माणूस निवडला तर हेही विकायचं राहील नि तेही जाईल.

लोरेन : माहीत आहे बाबा.

क्लिफर्ड : आणि तरी नाही.

लोरेन : तरी नाही. तुम्ही डेपोत माणसं पारखत होतात. मग वकील का नाही पारखता येणार?

क्लिफर्ड : मेकॅनिक पारखणं सोपं. त्याचे हात बघायचे. वकिलाचे हात नेहमीच स्वच्छ.

* * *

(चार दिवसांनी. बाजाराच्या रस्त्यावर, एका वरच्या मजल्यावरचं ऑफिस.)

मिसेस हॅलिवेल : ओळखपत्र झालं, घराचे कागद झाले, माझ्या फीचा आकडा मी तुम्हाला लिहून दिला. आणखी काय राहिलं, मिस्टर शॉ?

क्लिफर्ड : माझे प्रश्न राहिले.

मिसेस हॅलिवेल : विचारा.

क्लिफर्ड : मी फोन केला तर उचलणार कोण?

मिसेस हॅलिवेल : मी. मी नसले तर बाहेरच्या टेबलावरच्या मिसेस प्रॅट. त्या कुठलाही निरोप विसरत नाहीत, हे माझं दुर्दैव.

क्लिफर्ड : गिऱ्हाईक पाठवलं म्हणून एजंटला काही देता?

मिसेस हॅलिवेल : नाताळचं शुभेच्छापत्र. गेल्या वर्षी तेही राहिलं.

क्लिफर्ड : हं. आता शेवटचं. घराच्या व्यवहारात या गावातलं कोण समोर असलेलं तुम्हाला नको वाटतं?

मिसेस हॅलिवेल : हा कसला प्रश्न?

क्लिफर्ड : नवा मेकॅनिक आला की आम्ही त्याला विचारायचो, तुझं काम कुणी तपासलेलं तुला नको? जो नाव सांगायचा त्याला ठेवायचो. कामाची जाण असली की कुणाला भ्यायचं तेही कळतं. ब्रॅडफर्डच्या साहेबांना हेच विचारलं. ते हसले. म्हणाले, ‘आम्हाला कुणाचीच भीती नाही.’ मी टोपी उचलली आणि बसस्टॉपवर आलो.

मिसेस हॅलिवेल : लोरेन बॅनिस्टर.

क्लिफर्ड : कोण?

मिसेस हॅलिवेल : तुम्ही विचारलंत, मी सांगितलं. खाली स्टेशनजवळच्या ऑफिसात असते. नाव आत्ताच काचेवर लागलंय, पण काम परीक्षा देत होती तेव्हापासून करतेय.

क्लिफर्ड : का बरं? आरडाओरडा करते का?

मिसेस हॅलिवेल : आरडाओरडा करणाऱ्यांना मी न्याहारीला खाते. ही आवाजसुद्धा चढवत नाही. एकदा मी विकणाऱ्याकडून होते, ही घेणाऱ्यांकडून. सगळं ठरलेलं, सामानाची गाडीसुद्धा सांगून ठेवलेली. आणि हिने विचारलं, मागच्या दाराकडे जाणारी वाट कुणाची? मी कळवलं, त्या वाटेने गल्लीतले सगळे पिढ्यान्‌पिढ्या जातात. तिचं उत्तर, ‘बरं, पण कागदावर कुणाची?’

क्लिफर्ड : मग?

मिसेस हॅलिवेल : मग मी फोन केला आणि तिला नको नको ते बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं. माझा दम संपल्यावर म्हणाली, ‘बरं, पण वाटेचं काय?’

क्लिफर्ड : अस्सं म्हणाली?

मिसेस हॅलिवेल : अस्सं. मी शोध घेतला. वाट निघाली शेजारच्या गॅरेजवाल्याची. त्याच्याकडून जाण्यायेण्याचा हक्क लिहून घ्यावा लागला. पुढे तो वारला, पोराने जागा विकली, नव्या मालकाने तिथे भिंत घालायला घेतली. तो कागद दाखवला तेव्हा थांबला. नाहीतर त्या बिचाऱ्यांना स्वतःच्या मागच्या दारातून बाहेर पडता आलं नसतं. या गावात माझ्यापेक्षा बारीक बघणारं कुणी असेल तर ती बाई आहे.

क्लिफर्ड : काय म्हणालात? मला जरा कमी ऐकू येतं.

मिसेस हॅलिवेल : या गावात माझ्यापेक्षा बारीक बघणारं कुणी असेल तर ती.

क्लिफर्ड : तुमच्यापेक्षा?

मिसेस हॅलिवेल : माझ्यापेक्षा. तुमचे कान चांगले ठणठणीत आहेत, मिस्टर शॉ. काय भानगड आहे?

क्लिफर्ड : मुलगी आहे ती माझी. बॅनिस्टर हे सासरचं नाव.

मिसेस हॅलिवेल : अरे देवा. आणि तुम्ही माझ्याकडून हे सगळं काढून घेतलंत!

क्लिफर्ड : शपथेवर सांगतो, मनात नव्हतं. तुम्ही आणखी कुणाचं नाव घेतलं असतंत तर त्याच्याकडेही एकदा जाऊन पाहावं असं वाटलं होतं.

मिसेस हॅलिवेल : मग तिच्याचकडे का जात नाही?

क्लिफर्ड : घेणारे तिच्या ऑफिसचे आहेत. ती नाही म्हणाली. बापाला म्हणाली, नाही. दुसऱ्याचं नावसुद्धा सांगितलं नाही. मी चार दिवस फुगून बसलो होतो.

मिसेस हॅलिवेल : बरोबर वागली. आता एक अट. व्यवहार पुरा होईपर्यंत हे तिच्या कानावर जाता कामा नये. तिच्या ऑफिसशी मला रोज झगडायचंय. मी तिला भिते हे तिथे कळलं तर माझी पत काय राहील?

क्लिफर्ड : क्लबात सांगितलं तर?

मिसेस हॅलिवेल : मिस्टर शॉ.

क्लिफर्ड : बरं, बरं. बायकोला तरी?

मिसेस हॅलिवेल : बायकोला सांगा. नाहीतर तुम्ही फुटाल.

क्लिफर्ड : मग सही कुठे करू?

मिसेस हॅलिवेल : म्हणजे माझं नाव पक्कं?

क्लिफर्ड : आपल्यापेक्षा वरचढ कोण ते तोंडावर सांगायला छाती लागते, बाई. आणा ते पेन.

* * *

(दोन महिन्यांनी. चढावरचं घर, सामान गेलेलं.)

क्लिफर्ड : आला, आला! हॅलिवेलबाईंचा फोन. पैसे पोचले, कागद झाले. या घडीपासून हे घर त्या पोरांचं.

लोरेन : आणि सिल्सडेनचं तुमचं. अभिनंदन बाबा. कसं रिकामं वाटतंय ना हे. आई काय करतेय तिकडे?

क्लिफर्ड : त्या बाईने सकाळीच दार उघडून दिलं. एकही पायरी नाही म्हणून या खोलीतून त्या खोलीत नुसती फिरतेय. सामान लावायला सांगितलं तर म्हणते, थांब, आत्ता मी चालतेय.

लोरेन : एक विचारू? हॅलिवेलबाईच का? अर्धं गाव त्यांना घाबरतं. आणि गेले दोन महिने तुम्ही माझ्याकडे बघून उगीचच हसताय. आईला विचारलं तर तीही हसते.

क्लिफर्ड : काम संपेपर्यंत तोंड बंद ठेवीन असं कबूल केलं होतं. आता संपलं. ऐक. मी त्यांना विचारलं, समोर कोण असलेलं तुम्हाला नको वाटतं? आणि त्यांनी कुणाचं नाव घेतलं असेल?

लोरेन : आमच्या थोरल्या साहेबांचं.

क्लिफर्ड : तुझं! मी तुझा कोण हे ठाऊक नसताना. म्हणाल्या, या गावात माझ्यापेक्षा बारीक बघणारं कुणी असेल तर लोरेन बॅनिस्टर. ती मागच्या वाटेची गोष्ट सांगितली. ‘बरं, पण वाटेचं काय?’ अगं, मला खुर्चीत बसवेना. सबंध रस्ता चालत घरी आलो, बस डोळ्यांसमोरून गेली तरी कळलं नाही.

लोरेन : त्या फोननंतर मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते.

क्लिफर्ड : कुठल्या फोननंतर?

लोरेन : त्याच, वाटेच्या. मला वाटलं, आपली लायकी नाही. नोकरी सोडायची, परीक्षा सोडायच्या, पक्कं केलं होतं.

क्लिफर्ड : कधीचं हे? मला कसं माहीत नाही?

लोरेन : त्याच रविवारी तुमच्याकडे जेवायला आले होते मी. तुम्ही शेजाऱ्यांना सांगत होतात, आमच्या लोरेनपुढे भलेभले वकील गार पडतात.

क्लिफर्ड : मग तेव्हाच सांगायचंस ना.

लोरेन : तुमचा चेहरा तुम्हाला दिसत नव्हता, बाबा. मला दिसत होता.

क्लिफर्ड : असं होय.

लोरेन : राग नाही हं. फक्त सांगता आलं नाही.

क्लिफर्ड : मग सोडली का नाहीस?

लोरेन : सोमवारी गेले, तर टेबलावर तीच फाइल. घेणाऱ्या बाईला दिवस गेले होते. घराला पुढून उंच पायऱ्या, बाळाची गाडी न्यायची तर मागच्याच दाराने. म्हटलं, एवढं उत्तर मिळवू आणि मग जाऊ.

क्लिफर्ड : आणि गेली नाहीस.

लोरेन : पुढच्या फाइलमध्ये आणखी काहीतरी निघालं. चला, किल्ल्या एजंटकडे द्यायच्यात.

क्लिफर्ड : देऊ. तो कुठे पळून जात नाही. बस जरा.

लोरेन : कुठे बसू? खुर्च्या गेल्या गाडीतून.

क्लिफर्ड : जिन्यावर बस. आणि पहिल्यापासून सांग.