कप्तानाच्या बायकोचं नाव

(अमेरिकेतल्या मेन राज्यातलं किनाऱ्यावरचं गाव. सकाळ. हेस्टर टाइपरायटरपाशी, तिचा नवरा एल्डन खिडकीशी.)

हेस्टर : नाही. हे वाक्य मी टाइप करणार नाही.

एल्डन : अगं, चारच तर शब्द आहेत. 'कप्तान कीन बुडाला होता.'

हेस्टर : बावीस पुस्तकं टाइप केली तुझी. कप्तानावर शार्क सोडलेस, चाचे सोडलेस, ज्वालामुखी फोडलास. हूं की चूं केलं नाही. आणि आज दहाच्या गाडीनं बोस्टनला ऑपरेशनला निघालायस, तर जाता जाता त्याला बुडवतोस?

एल्डन : मी त्या टेबलावरून उठलोच नाही, तर दुसराच कुणी लेखक त्याला नाचवेल. त्यापेक्षा मीच मारतो.

हेस्टर : चांगलं बोल की जरा! हा माझा मोडका पाय नसता, तर तुला एकट्याला सोडलं असतं का मी?

एल्डन : भीती वाटते गं. कप्तान घाबरत नाही, मी घाबरतो.

हेस्टर : मला सांगतोस? धक्क्याला बांधलेल्या होडीतसुद्धा ओकणारा तू! आणि अख्ख्या अमेरिकेला वाटतं, यानं सात समुद्र पालथे घातलेत.

एल्डन : हळू बोल, पोस्टमन येतोय.

हेस्टर : येऊ दे. आज बोलतेच. दर पुस्तकात पहिल्या पानावर त्याची बायको धक्क्यावर रुमाल हलवते. पुढे? गायब. बावीस पुस्तकांत एक शब्द बोललेली नाही ती. तिला नावसुद्धा नाही.

एल्डन : नाव नाही? काहीतरीच काय!

हेस्टर : टाइप मी केलंय.

एल्डन : मग इतक्या वर्षांत बोलली का नाहीस?

हेस्टर : तू सांगत होतास, मी टाइप करत होते. मध्ये बोलायला जागा कुठे होती?

एल्डन : ते यंत्र इकडे सरकव.

हेस्टर : कशाला?

एल्डन : आज तू सांग. मी टाइप करतो.

हेस्टर : दोन बोटांनी? गाडी चुकेल.

एल्डन : तास आहे अजून. सांग.

हेस्टर : बरं. लिही. कप्तान दारात उभा राहिला, नखशिखांत भिजलेला. बायको म्हणाली, "आलास? आधी पाय पूस. सूप तिसऱ्यांदा गरम केलंय."

एल्डन : ...गरम... केलंय. बस, एवढंच?

हेस्टर : घरी आलेल्या माणसाला आणखी काय सांगायचं असतं?

एल्डन : आणि तिचं नाव?

हेस्टर : तिथे जागा सोड. बोस्टनहून आलास की घाल.

एल्डन : आणि नाहीच आलो तर?

हेस्टर : तर राहील बिचारी तशीच, बिननावाची. चालेल तुला?

एल्डन : नाही.

हेस्टर : मग ये.