बोलण्यासाठी घातलेला पाचू

शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्या, माझी शाळा आठवीतच सुटली. मी फार अबोल. "पोरगा मुका हाय का?" असं विचारून दोन स्थळं परत गेली. मग ज्योतिषी म्हणाले, "बुध कमजोर हाय. पाचू घाला, वाचा खुलंल." आईनं बुधवारी माझ्या करंगळीत अंगठी घातली.

पळसदेवला मुलगी बघायला गेलो. मला घाम फुटला, शब्द काही फुटेना. शेवटी मुलीनंच विचारलं, "हा हिरवा खडा कशापायी?"

"बोलता यावं म्हणून."

ती पदराआड हसली.

संध्याकाळी तिच्या वडिलांचा फोन आला. "पोरगी तयार हाय. पण आधी खडा काढा म्हणती. उद्या त्याचा गुण आला तर? घरात बोलणारी ती एकटी बास हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साबण लावून अंगठी काढली आणि ज्योतिषांना पेढे देऊन आलो.