साल न काढलेली पाचर

—नाही नाही मॅडम, लाकूड शेकायच्या भट्टीचा काटा नका तपासू, त्यात तुमच्या किडीचं काही निघायचं नाही. बसा. तुकिमिन चहा टाकतोय. मालकानं परवाच कामावरून काढलंय त्याला, तरी आलेल्याला चहा तोच करणार — तीस वर्षं भट्टी सांभाळली, हात स्वस्थ बसत नाही. काढलं तेव्हा मी शेजारीच उभा होतो. मला म्हणाला, "कस्नानदादा, लाकूड शेकण्यात माझंच चुकलं असेल का रे?" मी काय म्हणालो? म्हणालो, होतं कधीकधी. — असं म्हणालो मी.

तो फोटो परत दाखवा. ही तिकडची परदेशातली म्हातारी, मागं तोडलेली अंजिराची झाडं... सगळा मळा गेला? आणि हा लांब मिशांचा किडा आमच्याच कंटेनरमधून उतरला? आता आमच्या या जेपारा गावातून जाऊन जाऊन काय जाणार, नक्षीची कपाटं. कपाट जुन्या सागाचं, खोका भट्टीत शेकलेला, वर कीड मेल्याचा शिक्का — सगळं चोख. मग किडा आला कुठून? — पाचरीतून. म्हणजे... बोटीत कपाट हलू नये म्हणून मी खाली ठोकतो ना, त्या. शिक्के मारून झाल्यावर, अगदी शेवटी. वडील सांगायचे, पाचर ओल्या फांदीची घे, साल ठेव, साल म्हणजे गादी — पॉलिशला ओरखडा यायचा नाही. चाळीस वर्षांत एक ओरखडा नाही, विचारा कुणालाही! पाचरी कुणी भट्टीत घालतं का? पाचर म्हणजे काय माल आहे —

फांदी? अंगणातल्या आंब्याची. वाळत चालला होता, तोडायचाच होता. बुंध्याशी रोज सकाळी भुसा पडलेला असायचा. बायको झाडता झाडता म्हणायची, "आत कुणीतरी खातंय हो." मी हसायचो. खाऊ दे म्हणायचो, त्यालाही पोट आहे.

— हो. म्हणजे माहीत होतं. भोकं दिसत होती, बोट जाईल एवढी. गेल्या खेपेला तुम्ही पहिल्यांदा फोटो दाखवलात तेव्हाच समजलं मला, आणि मी भट्टीकडे बोट दाखवलं.

लिहू नका अजून. थांबा, तो आला. बघा, ट्रे दोन्ही हातांनी धरलाय, माझ्या कपात साखर जास्तच घातली असेल, न सांगता. तुकिमिन, ठेव तो ट्रे. नाही, चहा राहू दे. बस इथं, माझ्यासमोर. — मॅडम, तुम्ही बाहेर व्हा. तुमच्या कागदाआधी हे त्याला माझ्या तोंडून कळू दे. जा म्हणतो ना.