बांधावरची हाक

हसायचं तर हसा, पण पुरतं ऐका. दादा गेला आणि घरी जो येईल तो मला म्हणायला लागला, "आता तूच मोठा." वैतागून मी त्याचं सामान आणायच्या निमित्ताने चेन्नईला पळालो. तिथे शहराबाहेर ओरगडमला तो नोकरीसाठी राहायचा, त्या खोलीत त्याची जाड टायरची सायकल होती. सुट्टीला तो तिच्यावरून तळ्यांच्या खडीच्या वाटांनी हिंडायचा. त्याचा मित्र सेल्वम हिंदीत म्हणाला, "तुला नाही जमणार." झालं, निघालोच. सेल्वम मागून दुसऱ्या सायकलवर.

एका तळ्याच्या बांधावर खडी संपून चिखल लागला. तेवढ्यात म्हशी राखणारे एक आजोबा ओरडले, "तंबी! तंबी!" आणि पुढे तमिळमध्ये बरंच काही.

म्हटलं, वा, 'थांब' म्हणतायत, यांना मराठी येतं! थांबलो. चाक रुतलं. आजोबा आणखी मोठ्याने, "तंबी! तंबी!"

"अहो, थांबलोय ना!" म्हणेपर्यंत मी गुडघाभर आत.

सेल्वम पोट धरून हसत आला. "अरे, ते सांगतायत, इथे थांबू नकोस."

"मग 'थांब, थांब' काय ओरडतात?"

"तंबी म्हणतायत. तंबी म्हणजे धाकटा भाऊ."

मी चिखलातून हललोच नाही. म्हटलं, "सेल्वम, त्यांना सांग, अजून एकदा हाक मारा."